जाळीदार खडकाखाली

किपांबाच्या माळावर आमचं ड्रिल मशीन उभं राहिलं, तेव्हा गावातलं एक माणूसही बघायला फिरकलं नाही. एरवी मशीनचा खांब आकाशात चढला की आसपासच्या बाया हातातली कामं टाकून येतात, म्हातारे बसायला स्टुलं घेऊन येतात. इथे फक्त वारा होता, वाळलेलं गवत होतं आणि घराएवढी वारुळं.

"बरंय," कापेंड म्हणाला. "माझा नाच फुकटात बघणारे तेवढेच कमी."

कापेंड आमचा ड्रिलर. मशीन चालू असताना दांड्यावर हात ठेवून तो सतत पाय हलवायचा. खडकाची थरथर म्हणे तळपायातून कळते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा बाबा लग्नात नाचतोय. मी मुकेबो, पाण्याचा टँकर चालवतो. ड्रिलला डिझेल कमी पडलं तर ते थांबतं, पण पाणी कमी पडलं तर ते जळतं. म्हणून जिथे मशीन, तिथे मी. लिकासी शहरापासून कोल्वेझीपर्यंत तांब्याची अशी टेकडी नसेल जिच्या पायथ्याशी माझ्या टँकरची चाकं रुतली नाहीत.

गाव का रुसलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. आदल्या वर्षी कंपनीने गावामागच्या टेकडीत भोकं पाडली होती. तांबं लागलं. फार नाही, पण खाण काढायला पुरेल एवढं. मग कंपनीची माणसं आली आणि घराघरांवर लाल रंगाने आकडे टाकून गेली. टेकडीच्या जागी खड्डा होणार होता, आणि गाव हमरस्त्याच्या कडेला, दगडफोडीच्या शेजारी, आखून दिलेल्या प्लॉटांवर जाणार होतं.

आमच्या कंपनीत हे न पटलेलं माणूस एकच, फेलिसिते किलुफ्या. आमची भूगर्भवाली. बुटकी, डोक्याला पुरुषांची मोठी हॅट, आवाज मऊ. वाद घालताना तिचा आवाज चढायचा नाही. उलट ती सावकाश बोलायला लागायची, एकेक शब्द ठेवत. ती सावकाश बोलायला लागली की मोठे साहेब खुर्चीत नीट बसायचे. तिचं म्हणणं होतं, टेकडीतलं तांबं हे नुसतं टोक आहे. खरा साठा गावापासून लांब, ह्या माळाखाली आहे. ह्या माळावर एक घर नाही, एक कबर नाही, शेतसुद्धा नाही.

बोलांबा साहेब, प्रकल्पाचे प्रमुख, राजधानी किन्शासाचे. भर उन्हातही त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा. माणूस वाईट नव्हता, पण माळाच्या कडेला आधी पाडलेली भोकं कोरडी गेली होती, आणि मशीन भाड्याचं होतं.

"फेलिसिते, एक भोक देतो," ते म्हणाले होते. "एकच. ते संपलं की मशीन टेकडीवर जाईल आणि पुन्हा हा विषय नको."

"चालेल," ती म्हणाली. "एक पुरे."

बाहेर आल्यावर कापेंडने तिला विचारलं, "पुरे? इंजिनियरबाई, एका भोकात मला उंदीरसुद्धा सापडत नाही."

"काका, तुम्हाला उंदीर शोधायला नाही नेत मी."

सुरुवात चांगली झाली. नळ्यांच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं कडं असतं, ते खडक गोल कापत खाली जातं, आणि मधली दगडाची कांडी नळीत अडकून वर येते. फेलिसिते प्रत्येक कांडी पाण्याने धुवायची, उन्हात फिरवून बघायची, लाकडी खोक्यात ओळीने ठेवायची. थोड्या दिवसांनी हिरव्या रेघा दिसल्या. कापेंड खूश झाला, पण तिने मान हलवली.

"हा वरचा थर. पावसापाण्याने कधीच धुऊन नेलाय ह्याला. उरलाय तो रंग."

"मग?"

"मग आता भोकाभोकांचा खडक यायला हवा. आपल्याकडे तांबं दोन थरांत असतं, काका. एक त्या खडकाच्या वर, एक खाली. वरचा गेला असला तरी खालच्यावर झाकण आहे."

आणि तो खडक आला. कांडी कसली, स्पंजाचे तुकडे! बोट जाईल एवढी भोकं, काही ठिकाणी मूठ जाईल एवढी. फेलिसितेचा चेहरा उजळला आणि कापेंडचा पडला.

"ही चाळण आहे, बाई. चाळणीला कोणी ड्रिल लावतं का?"

"मला हीच चाळण हवी होती."

"तुम्हाला हवी होती, पण पाणी तिला हवंय!"

खरंच होतं. आम्ही पंपाने पाणी खाली सोडतो, ते कडं थंड ठेवतं आणि खडकाचा चुरा घेऊन वर येतं. आता पाणी जात होतं, पण वर थेंबही येत नव्हता. खाली कुठेतरी पोकळ्या होत्या आणि त्या घटाघटा पीत होत्या. मी सकाळी आणलेला टँकर दुपारच्या जेवणाआधी संपला. मी परत गेलो, परत आलो, परत गेलो. शेवटच्या खेपेला ओढ्यावरचा ओंडक्यांचा पूल भरलेल्या टँकरखाली कडाडला. मी उडी मारून बाहेर आलो, म्हणून हे सांगतोय. टँकर मागच्या चाकांवर लटकला, सगळं पाणी ओढ्याच्या कोरड्या वाळूत गेलं. मी चालत माळावर पोहोचलो तेव्हा माझं तोंड बघूनच कापेंडने पंप बंद केला.

फेलिसितेने बोलांबा साहेबांना फोन लावला. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं, तिचं येत होतं. ती सावकाश बोलत होती. मग म्हणाली, "ठीक आहे साहेब. उद्या संध्याकाळी."

फोन खिशात टाकून ती आमच्याकडे वळली. "उद्या दुपारी ते स्वतः येतायत. संध्याकाळी मशीन हलणार."

"नळ्या काढायला घेऊ?" कापेंडने विचारलं.

"नको. मुकेबोदादा, चला माझ्याबरोबर. गावात झरा आहे."

मला वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं. ज्या गावाने आमच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांच्याकडे पाणी मागायचं!

गावाच्या प्रमुख लेंगेबाई. मडकी घडवून घडवून हात लाकडासारखे झालेले, दात बहुतेक गेलेले, जीभ मात्र शाबूत. अंगणात चटईवर बसून त्या कसाव्याची पानं निवडत होत्या. भोवती आठदहा बाया. आम्हाला बघून कोणी उठलं नाही की स्टूल दिलं नाही.

"पाणी हवंय," फेलिसितेने सरळ सांगितलं. "ड्रिलला."

बाया आधी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग जो हशा पिकला, मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"ऐकलंत का गं," लेंगेबाई म्हणाल्या. "आमचंच घर पाडायचं, आणि चिखल कालवायला पाणीही आमचंच! फावडं पण देऊ का, बाई? का नवऱ्यांना पाठवू खणायला?"

"नवरे नकोत, पाणी पुरे," फेलिसिते म्हणाली. एकदोघी पुन्हा हसल्या, पण हे हसू वेगळं होतं. ती खाली मातीत बसली. "आई, ही चटई घेऊ?"

लेंगेबाईंनी पानं बाजूला सारली. फेलिसितेने चटईचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि मधला भाग सैल सोडला, झोळीसारखा.

"हे मुकेबोदादांकडचं टोक म्हणजे तुमची टेकडी. तांब्याचा थर इथे वर आहे, म्हणून कंपनीला दिसला. इथून तो खाली जातो, गावाच्या बाजूने वळतो, आणि हा बघा, माझ्या हाताशी पुन्हा वर येतो. हा माझा हात म्हणजे माळ. तिथे तो जाड आहे, असं मला वाटतं. तिथे मिळाला तर कोणी टेकडी फोडणार नाही. मोठं ताट वाढलेलं असताना खरवड कोण खातं?"

"असं वाटतं," लेंगेबाई म्हणाल्या. "का माहीत आहे?"

"वाटतं."

"आणि नाही निघालं तर?"

मी मनात म्हटलं, आता खोटं बोल गं बाई, काहीतरी गोड बोल.

"तर उद्या संध्याकाळी मशीन तुमच्या टेकडीवर येईल," फेलिसिते म्हणाली. "आणि तुम्ही पाणी दिलं नाहीत तरी उद्याच येईल."

लेंगेबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू कुठली पोरी?"

"वाढले लिकासीत. आईचं गाव कासोम्बो."

"कासोम्बो? ते आता कुठाय?"

"नाहीये. खाण झाली. आता तिथे पाण्याने भरलेला खड्डा आहे. आई वर्षातून एकदा जाते, काठावर बसते आणि येते."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकत्र काम केलं, एका भांड्यातली बुकारी, आमचा मक्याच्या पिठाचा गोळा, खाल्ली, पण ती ह्यातलं अक्षर बोलली नव्हती.

लेंगेबाई उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला, आणि त्या उठेपर्यंत कोणी हाताला धरलं नाही. तशी सवय नसावी त्यांना. उभं राहून त्यांनी लुगडं झटकलं.

"आजवर जे आले ते म्हणाले, तुमचं भलंच होणार. ही पहिली, जी म्हणते मला वाटतं. कोळशेवाल्यांना हाक मारा. सायकली रिकाम्या करायला सांगा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी माळावर उभा होतो, आणि जे बघितलं ते आयुष्यभर विसरणार नाही. पायवाटेवरून सायकलींची रांग येत होती. रोज ज्यांच्यावर माणसापेक्षा उंच कोळशाची पोती बांधून शहराकडे ढकलत नेतात, त्याच सायकली. आज त्यांच्यावर पिवळे कॅन लटकले होते, दोन्ही बाजूंना, मागे, दांडीवर. त्यांच्या मागे बाया, डोक्यावर बादल्या, पाठीवर तान्ही मुलं. काल हसलेल्या त्याच.

"कुठे ओतायचं?" पुढचीने विचारलं. "लवकर सांगा, मान मोडली."

नुसतं पाणी ओतून भागणार नव्हतं. कापेंड आणि फेलिसिते पहाटेपासून डोकी एकत्र करून बसली होती. पोकळ्या बुजवायला कंपनीकडून चिकणमातीची पूड यायची होती, ती आली नव्हती. "वारूळ," कापेंड म्हणाला. "पण नुसती माती वाहून जाईल." "कोळशाचा चुरा मिसळू," ती म्हणाली, "तो फटींत अडकेल." पोरं-पुरुष वारुळावर तुटून पडले. चिकट लाल माती, कोळशाचा चुरा, बारीक चिरलेलं गवत, असा लगदा पिंपात कालवून पंपाने खाली सोडायचा. कापेंड पिंपात काठी फिरवत ओरडत होता, "मीठ कोण घालणार? बायकोने कसाव्याच्या पानांचा सोम्बे असा केला असता तर माहेरी धाडली असती!"

"तुझी बायको तुला कंटाळून आधीच गेली असेल," एक कोळशेवाली म्हणाली, आणि सगळा माळ हसला.

पहिलं पिंप खाली गेलं आणि काही झालं नाही. दुसरंही तसंच. तिसऱ्यानंतर पंपाचा सूर बदलला, आधी मोकळा चालायचा तो कण्हायला लागला. आणि नळ्यांच्या भोवतीच्या फटीतून लाल पाणी बुडबुडत वर आलं. थोडंसंच, पण आलं! बायांनी तोंडात जीभ हलवत आनंदाची लांब आरोळी ठोकली.

कापेंडने मशीन सुरू केलं. आता तो विनोद करत नव्हता. खडक खडखडत कापला जात होता, मध्येच पोकळी लागायची, नळ्या झटक्याने खाली जायच्या, पाणी नाहीसं व्हायचं, पुन्हा लगदा, पुन्हा पाणी. झऱ्यापासून माळापर्यंतची रांग क्षणभर तुटली नाही. मी टँकरवाला, माझा टँकर ओढ्यात. तर मी पण कॅन वाहिले. लेंगेबाई वारुळाच्या सावलीत बसून ज्याची चाल मंदावली त्याला नावाने हाका मारत होत्या.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा नळ्या अडकल्या.

मशीन गुरगुरलं, खांब थरथरला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. कापेंडने लगेच दांडा मागे घेतला. त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. जोर लावला असता तर नळी तुटली असती, आणि तुटलेली नळी भोकात राहिली की भोक मेलं.

"पाणी थांबवू नका," तो हळूच म्हणाला. "काहीही झालं तरी पाणी थांबवू नका."

मग त्याने डोळे मिटले. दांडा केसभर वर, केसभर खाली. डावीकडे थोडं, सोडलं. पुन्हा वर. अंगाई म्हणताना पाळण्याला जसा हात लावावा तसं. फेलिसिते शेजारी उभी राहून पंपाच्या काट्याकडे बघत एवढंच सांगत होती, "दाब वाढतोय... थांबा... उतरला. आता." रांगेतले लोक पाणी ओतून परत झऱ्याकडे जायचे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकदम खालून ठक्क असा आवाज आला, तो कानाने नाही, पायाने ऐकू आला, आणि नळ्या गरकन फिरल्या.

कापेंडने डोळे उघडले. पाय आपोआप नाचायला लागले होते.

"खडक बदलला," तो म्हणाला. "बाई, हा दुसराच आहे. मऊ, सलग. चाळण संपली!"

फेलिसिते वर येणाऱ्या पाण्याकडे बघत होती. लाल पाणी आधी राखी झालं. मग काळपट. मग त्यात हिरवट छटा आली. ती गुडघ्यांवर बसली, पाण्यात हात घातला आणि बोटं चोळून बघितली.

"कांडी काढा," शेवटी ती म्हणाली.

आतली नळी दोराने वर आली. कापेंडने ती आडवी धरून हातोडीने अलगद ठोकली, आणि कांडी सरकत खोक्यात उतरली. वर चिखल होता. फेलिसितेने हातातली बादली ओतली.

हिरवी! रेघा नाहीत, पट्टेच्या पट्टे, मोराच्या पिसाऱ्यासारखे. मधूनमधून काळ्याभोर, मखमली गाठी, तो कोबाल्ट. आणि एका फटीत गुलाबी खडे, पहाटेच्या आभाळासारखे, उन्हात चमकणारे. वीतभर नाही, कांडी संपेपर्यंत तेच. मी बरीच खोकी पाहिली आहेत ह्या धंद्यात. असं खोकं नव्हतं पाहिलं.

"अजून काढा," फेलिसिते म्हणाली. दुसरी कांडी आली. तीही तशीच. तिसरी त्याहून भारी.

बोलांबा साहेबांची गाडी तेव्हाच आली. पूल नसल्याने ते लांबच्या वाटेने आले होते, शर्टाची इस्त्री पार गेली होती. माळावर एवढं गाव बघून ते दचकले. त्यांना वाटलं, लोकांनी मशीन अडवलंय.

"काय चाललंय हे?"

"या साहेब," लेंगेबाईंनी सावलीतूनच उत्तर दिलं. "उशीर केलात. चांगलं चांगलं संपलं."

फेलिसितेने खोक्यांकडे हात केला. साहेबांनी बंदुकीसारखं तपासणी यंत्र काढलं, कांडीला टेकवलं, आकडा बघितला. यंत्र शर्टाला पुसलं आणि पुन्हा टेकवलं. मग दुसऱ्या कांडीला, मग शेवटच्या. मग ते सरळ चिखलात मांडी घालून बसले, त्या चांगल्या पँटसकट.

"फेलिसिते," ते म्हणाले, "टेकडीत ह्याच्या चौथाईसुद्धा नाही."

"नाही साहेब."

"मशीन इथेच राहील."

"हो साहेब."

"हसत का नाहीयेस तू?"

"हसले तर रडेन," ती म्हणाली, आणि दोन्ही एकदम झालं. कापेंडने तिला कंबरेला धरून उचललं, हॅट उडाली, आणि मग मात्र माळावर जो गोंधळ माजला त्याचं वर्णन करायला मी अपुरा आहे. कॅन वाजत होते, बादल्या वाजत होत्या. उरलेलं झऱ्याचं पाणी एकमेकांच्या अंगावर ओतलं गेलं, त्यातली एक अख्खी बादली साहेबांच्या डोक्यावर. ती कोणी ओतली हे मला माहीत आहे, पण त्या प्रमुख आहेत, म्हणून नाव सांगत नाही.

पुढच्या महिन्यांत माळावर आणखी भोकं पाडली. एकदोन कोरडी गेली, बाकी सगळ्यांत तांबं आणि कोबाल्ट. नकाशा नव्याने काढला गेला. नवा खड्डा माळाच्या पलीकडच्या टोकाला, गावापासून लांब. कंपनीच्या सभेत ठराव झाला, त्या दिवशी बोलांबा साहेब स्वतः गावात आले आणि चिंचेच्या झाडाखाली उभं राहून सगळ्यांसमोर बोलले, "किपांबा हलणार नाही. टेकडीला कोणी हात लावणार नाही. झऱ्याभोवती कंपनी कुंपण घालून देईल, आणि त्याची किल्ली गावाकडे." लेंगेबाईंनी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

त्या रविवारी गावाने बोकड कापला. बुकारीचे डोंगर, सुकी मासळी, मक्याची बियर. फेलिसितेने आईला लिकासीहून आणलं होतं. ती माउली अंगणात लेंगेबाईंशेजारी बसली होती. लेंगेबाईंनी तिच्यापुढे भाजलेल्या शेंगा सरकवल्या. मग लेंगेबाईंनी विचारलं, "कासोम्बोला भुईमूग फार गोड यायचा, नाही का?"

"तुम्ही खाल्लाय?" आईने विचारलं.

"लग्नाला आले होते एकदा. कोणाचं ते आठवत नाही. भुईमूग आठवतो."

आणि मग आई बोलायला लागली. कोणाचं घर कुठे होतं, विहिरीच्या वाटेवर कोण उभं राहायचं, कोणाचा बाप नशेत गायचा. बाया सरकत सरकत भोवती जमल्या. फेलिसिते बोकडाचं हाड हातात घेऊन दाराशी उभी होती. तिने ह्यातलं काहीच आधी ऐकलं नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. कापेंडने तिला नाचायला हाक मारली. ती म्हणाली, "थांबा काका, आई बोलतेय." आणि तिथेच उंबऱ्यावर बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकून, ऐकत राहिली.